एकशे सात कोरे पोशाख

फुकट ते पौष्टिक म्हणत दिसेल ते तोंडात टाकणारी माणसं जगात पुष्कळ. पण फुकट मिळालेल्या वस्तूचीसुद्धा घडी मोडू न देता ती वर्षानुवर्षं जपून ठेवणारी थोडी, आणि मास्तर त्या थोड्यांतले. एका नाटक कंपनीचा कपडेपट त्यांच्या ताब्यात होता. म्हणजे रंगमंचावर जे काही कुणाच्या अंगावर चढतं, राजाच्या डगल्यापासून भिकाऱ्याच्या ठिगळाच्या सदऱ्यापर्यंत, ते सगळं त्यांनी शिवायचं, धुवायचं, उसवलं की सांधायचं आणि प्रयोग संपला की मोजून पुन्हा खुंटीला लावायचं. एकतीस वर्षं हेच चाललं होतं.

थिएटरच्या मागच्या अंगाला, लाकडी जिना चढून गेलं की त्यांची खोली. भिंतभर खुंट्या, खाली ट्रंका, मधोमध इस्त्रीचं लांब टेबल आणि सगळीकडे डांबरगोळ्यांचा वास. कोपऱ्यात, दोन ट्रंकांच्या बेचक्यात, एक जुना टीव्ही आणि त्याला जोडलेला गेम खेळायचा कन्सोल. नट मंडळींना याची फार गंमत वाटे. पन्नाशी उलटलेला, चष्म्याला दोरी बांधून हिंडणारा माणूस दर शनिवारी दुपारी चार वाजता कानाला हेडफोन लावून पोरासोरांचा खेळ खेळतो, म्हणजे म्हातारचळच की. मास्तर कुणाला उत्तर देत नसत. उत्तर द्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

सगळं म्हणजे एवढंच, की त्यांची लेक त्यांना भेटायची ती त्या खेळात. ठकू म्हणत तिला. ती नऊ वर्षांची असताना तिची आई तिला घेऊन दूरच्या शहरात राहायला गेली. भांडण कशावरून झालं ते विचारू नका. दोघंही माणसं चांगली होती, फक्त एका छपराखाली नको होती. कोर्टाने ठरवून दिलं की मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत दर शनिवारी चार ते पाच बाप तिच्याशी बोलेल. आता नऊ वर्षांची पोर फोनवर तासभर काय बोलणार? जेवलीस का, हो. अभ्यास झाला का, हो. संपलं. म्हणून मास्तरांनी दोन सारखे कन्सोल घेतले, एक तिच्याकडे पाठवला, एक इथे ठेवला. खेळात समुद्राकाठचं एक गाव होतं. तिथे ठकूची बाहुली आणि मास्तरांचा बाहुला भेटत, मासे पकडत, होडी रंगवत, आणि बोलता बोलता तास कधी सरला ते दोघांनाही कळत नसे.

त्या खेळाचं सभासदत्व दर वर्षी भरावं लागे. मास्तर आपलं भरत आणि ठकूच्या वाढदिवशी तिचंही भरत. सभासद झालेल्यांना खेळवाल्यांकडून दर महिन्याला एक पोशाख फुकट मिळे. कधी कोल्ह्याची टोपी आणि शेपटीचा कोट, कधी खलाशाचा वेष, कधी पिसांचा झगा. त्या महिन्यात बटण दाबून घेतला तर घेतला, महिना उलटला की गेला. मास्तरांनी एकही सोडला नाही. एकदा त्यांचा पाय मोडला होता, गुडघ्यापर्यंत प्लास्टर. महिन्याची शेवटची तारीख, म्हणून हा गडी जिन्यावर बसून, एकेक पायरी वर सरकत खोलीत पोचला आणि बटण दाबून आला.

घेतलेला पोशाख मात्र ते घालत नसत. त्यांच्या बाहुल्याच्या अंगावर खेळ सुरू करताना मिळतो तो साधा करडा सदरा होता, आणि तो नऊ वर्षं तसाच. याला कारणं दोन. एक, धंद्याचा नियम: कपडेपट सांभाळणाऱ्याने पटातलं काही स्वतःच्या अंगाला लावायचं नाही. ज्या थोरल्या मास्तरांच्या हाताखाली ते शिकले, त्यांनी हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि एकदा गमतीने राजाचा मुकुट डोक्यावर ठेवला म्हणून कानाखालीही दिली होती. दुसरं कारण ठकू. ती आपले पोशाख घालून दिवसभर हिंडणार, पाण्यात उतरणार, झाडांवर चढणार. कपडा म्हटला की झिजणार, विटणार, कोपरात फाटणार. तिचे सगळे फाटले की आपल्याकडे एक अख्खा संच कोरा असेल, आणि ती अठरा वर्षांची झाली की तो तिच्या हवाली करायचा. लोक लेकींसाठी दागिने साठवतात; मास्तरांनी हे साठवलं.

हसायला येईल कुणाला. पण ज्या माणसाने एकतीस वर्षं फक्त झिजणारे कपडे पाहिले, त्याच्या डोक्यात न झिजणारा कपडा शिरणार कुठून? आणि ज्यांच्या डोक्यात तो शिरतो, ती शहाणी माणसं तरी आपल्या लेकरांशी काय मोठं धड बोलतात?

ठकूने सांगून पाहिलं होतं. दहा-अकरा वर्षांची असताना ती दर महिन्याला आठवण करी, बाबा, नवीन आलंय, घेतलंस का. घेतलंय, नीट ठेवलंय, असं मास्तर अभिमानाने सांगत. मग घाल ना, ती म्हणे. मोठी हो, मग बघू, हे म्हणत. गोष्ट अशी होती की एकाच महिन्याचा पोशाख घालून दोन बाहुल्या शेजारी उभ्या राहिल्या की त्या आपोआप हातात हात घालून नाचायला लागत. दर महिन्याचा नाच निराळा. मास्तरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, ठकूने दहादा सांगितलं होतं. पण नाच काय, केव्हाही नाचता येईल, आधी पट तर पुरा होऊ दे. बाराव्या वर्षी तिने विचारणं सोडलं. चौदाव्या वर्षी ‘बाबा, तू’चं ‘बाबा, तुम्ही’ झालं. पोरीला वळण लागलं म्हणून मास्तर खूश झाले, थिएटरात दोघा-तिघांना सांगूनही आले.

आता येत्या बुधवारी ठकूचं अठरावं सरत होतं. कोर्टाने दिलेला शेवटचा शनिवार तोंडावर आला होता. त्यापुढे यायचं की नाही ते तिच्या मर्जीवर. गेली दोन-तीन वर्षं तासाचं बोलणं हं, बरं आणि बघते एवढ्यावर आलं होतं. त्यांची सगळी भिस्त त्या एकशे सात पोशाखांवर होती. एवढा कोरा पट समोर मांडला की पोरीचा चेहरा खुलेल, ती म्हणेल बाबा, पुढच्या शनिवारी हा घालू, त्याच्या पुढच्या शनिवारी तो, आणि असे शनिवार चालू राहतील. अडचण एवढीच की तिच्या नावावर करायचं बटण काही सापडेना. तेव्हा गुरुवारी दुपारी ते कन्सोल दुरुस्त करणाऱ्या दुकानात गेले.

दुकानात काउंटरमागे एक बाई बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन एका कंट्रोलरची आतडी बाहेर काढून बसली होती. मास्तरांनी तिला नीट समजावून सांगितलं की आपल्याकडे एकशे सात नग आहेत, सगळे कोरे, आणि ते लेकीच्या नावावर चढवायचे आहेत. बाई म्हणाली, असं एकाच्या नावावरचं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. मग तिने विचारलं, मुलीचं सभासदत्व आहे का. मास्तर म्हणाले, आहे तर, मीच भरतो.

“मग हे सगळं तिच्याकडे आहेच की,” बाई म्हणाली.

“आहे हो. पण नऊ वर्षं वापरतेय. आता फाटलं असेल, विटलं असेल.”

बाईने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. हसली नाही, हे तिचं चांगुलपण. तिने शांतपणे सांगितलं की ते कपडे फाटत नाहीत, विटत नाहीत, पहिल्या दिवशी जसे होते तसेच राहतात. सभासदत्व चालू आहे तोवर ते आपले. ते बंद पडलं की त्याच दिवशी सगळ्या कपाटाला कुलूप, मग तुम्ही ते रोज वापरलेले असोत की कधी हात न लावलेले. साठवून ठेवायचं असं त्यात काही नसतंच. घरातल्या एकाने सभासदत्व घेतलं की त्या कन्सोलवर खेळणाऱ्या घरातल्या सगळ्यांना ते घालता येतात, म्हणजे एकट्यासाठीही ते नसतं.

“ते घालून नाचायचं असतं, दोघांनी,” ती म्हणाली. “नाहीतर दुसरा उपयोग काय त्याचा?”

मास्तर दुकानाच्या बाहेर आले आणि पायरीवरच बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्यांनी नटांना शंभरदा ऐकवली होती. पोरीकडे सगळं होतं. टोपी होती, कोट होता, पिसं होती. नव्हता तो शेजारी उभा राहणारा माणूस, आणि तो माणूस इकडे ट्रंकेवर बसून तिच्यासाठी टोप्या साठवत होता. दोन वर्षं ती घाल ना, घाल ना म्हणत होती. त्यांना वाटलं होतं, लहान आहे, दम धरवत नाही. रस्त्यावरून माणसं येत-जात होती, आणि मास्तरांना तिथून उठणं जिवावर आलं होतं.

शनिवारी पावणेचारला त्यांनी दाराला आतून कडी घातली. इस्त्री बंद केली. आपलं ते खेळातलं कपाट उघडून या महिन्याचा पोशाख निवडला, हिरवा मखमली कोट, त्याला तांब्याच्या गुंड्या. थोरले मास्तर जाऊन वीस वर्षं झाली तरी ते मागे उभे आहेत असं वाटलं. बाहुल्याच्या अंगावरून करडा सदरा उतरला आणि कोट चढला. कॉलर मानेला जरा सैल बसत होती. त्यांच्या डोळ्यांना ते पहिल्याने दिसलं, काय करणार.

चार वाजता ठकू आली. तिची बाहुली धक्क्यावर आली आणि त्या हिरव्या कोटाभोवती एक फेरी मारून उभी राहिली.

“ठकू,” मास्तर म्हणाले, “आज नाचूया का आपण?”

“आता कशाला, बाबा,” ती म्हणाली.

मग मास्तरांनी सगळं सांगितलं. त्यांना एका दमात एवढं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे मागचं पुढे आणि पुढचं मागे झालं: एकशे सात पोशाख, तिचे फाटले की तिला द्यायचे म्हणून ठेवलेले, दुकानातली बाई, मोडलेला पाय, थोरल्या मास्तरांनी कानाखाली दिलेली. मला वाटलं कपडा झिजतो, ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. ठकू ऐकत होती. शेवटी ती हसली, पण ते हसू ऐकून बरं वाटण्यासारखं नव्हतं.

तिने सांगितलं की पहिली दोन वर्षं ती दर शनिवारी साडेतीनपासूनच तयार होऊन धक्क्यावर उभी राहायची, आज बाबा घालून येईल म्हणून. मग एका शनिवारी, पाच वाजून गेले तरी ती तशीच उभी असताना, काकाने पाहिलं. काका म्हणजे तिच्या आईने पुढे ज्याच्याशी लग्न केलं तो, टाय लावून ऑफिसला जाणारा माणूस. त्याने विचारलं, अशी नटूनथटून कुणासाठी थांबलीस. तिने सांगितलं. त्याने टायसुद्धा न सोडता दुसरा कंट्रोलर उचलला, तिच्याच सभासदत्वावर आपला एक बाहुला बनवला, आणि दोनदा समुद्रात पडून तिसऱ्यांदा एकदाचा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

“तेव्हापासून तोच नाचतो माझ्याबरोबर,” ती म्हणाली. “दर महिन्याला. एकही नाच चुकवला नाही त्याने. मागचे राहिले होते तेही झाले आमचे.”

काकाला ती ‘तो’ म्हणत होती. मास्तरांनी मनात राग शोधून पाहिला, पण राग यावा असं काही सापडेना. त्या माणसाने काय वाईट केलं? पोर उभी होती, तो नाचला. उलट त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं, असं त्यांना वाटलं, आणि लगेच लक्षात आलं की आपण आपल्या जागी होतो आणि तरी केलं नव्हतं.

ठकूचा आवाज आता बदलला होता. “मला वाटायचं, कोर्टाने सांगितलंय म्हणून बसता तुम्ही. तासभर बसायचं, पाच वाजले की सुटलो. मी दर शनिवारी काहीतरी वेगळं घालून यायचे, बाबा. एकदा तरी म्हणालात का, छान दिसतेस? बघत तरी होतात का, मी काय घातलंय ते?”

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना पडद्यावरचं दिसेनासं झालं, पण त्याची गरज नव्हती.

“पहिल्या शनिवारी कोल्ह्याची टोपी,” ते म्हणाले. “डावा कान वाकडा बसला होता, तू तो तासभर तसाच ठेवलास. दुसऱ्या शनिवारी तीच टोपी, पण कोट नाही, पिवळा फ्रॉक. तिसऱ्या शनिवारी खलाशाचा वेष, कमरेला दोन पट्टे, एकावर एक. मला वाटलं हौस म्हणून घातलेस. चौथ्याला तू उशिरा आलीस, सव्वाचारला, अंगात पावसाळी कोट आणि पायात काहीच नाही.”

ते सांगत गेले. दुसऱ्या वर्षातला पिसांचा झगा, त्याच्यावर विसंगत अशी लाल टोपी. थंडीतली विणलेली टोपी, जिचा गोंडा ती हसली की हलायचा. दहा महिने तिने सोडलाच नाही तो निळा स्कार्फ. पट सांभाळणारा माणूस विंगेत उभा असतो. नट रंगमंचावर जायच्या आधी तो त्याच्यावरून एकदा नजर फिरवतो. गुंडी तुटली असेल, शिवण उसवली असेल, तरच तोंड उघडतो. काही बोलला नाही म्हणजे सगळं उत्तम, जा खुशाल. छान दिसतोस असं कुणी कुणाला म्हणत नाही, ते न बोलण्यातच येतं. मास्तरांना नऊ वर्षांत ठकूबद्दल बोलण्यासारखं काही सापडलंच नव्हतं, म्हणून ते गप्प बसले होते. हेही त्यांनी तिला मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं आणि पुन्हा तिसऱ्या वर्षाकडे वळले.

ठकू रडत होती. हेडफोनमध्ये ते अगदी कानाशी ऐकू येत होतं, आणि कोपऱ्यातल्या त्या ट्रंकेवरून तिच्या पाठीवर हात ठेवता येत नव्हता.

“मला कसं कळणार होतं, बाबा?” ती म्हणाली.

मास्तरांनी चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि जे सांगायला आली होती ते सांगितलं. या वर्षी सभासदत्व भरू नका, बुधवारी संपलं की संपू दे. ती कॉलेजसाठी दुसऱ्या गावी होस्टेलवर राहायला चालली होती, कन्सोल खोक्यात घालून काकाच्या भाचीला द्यायचं आधीच ठरलं होतं. शनिवारी आता जमणार नव्हतं, तिकडे क्लास असणार होते. फोन करेन मी, मधूनमधून, ती म्हणाली. मास्तर म्हणाले, बरं. मन वळवायचं असतं तर दोन शब्द बोलता आले असते, पण इतकी वर्षं न बोललेला माणूस आज बोलून तिला अडवणार कुठल्या तोंडाने? बैल गेला आणि झोपा केला, अशी गत.

“हे आधी कधी म्हणाला असतात ना,” ती म्हणाली आणि थांबली. “येते, बाबा.”

धक्क्यावरची बाहुली दिसेनाशी झाली. वरच्या कोपऱ्यातलं तिचं नाव राखाडी झालं. पाच वाजायला अजून दहा मिनिटं होती.

मास्तरांनी हेडफोन काढला नाही. ते चौथ्या वर्षाच्या मध्यावर पोचले होते आणि साडेपाच वर्षं अजून राहिली होती. खाली संध्याकाळच्या प्रयोगाची माणसं यायला लागली होती. जिन्यातून कुणीतरी मास्तर, मास्तर करत वर आलं, दार वाजवलं, कडी बघून थांबलं आणि परत खाली गेलं. मास्तर टीव्हीकडे तोंड करून हळू आवाजात बोलत होते, एकेक शनिवार, आठवून आठवून, मधला एकही न गाळता.

“पाचव्या वर्षातला पहिला शनिवार,” ते म्हणाले. “पांढरा झगा, बाह्या जरा लांब. केस मोकळे सोडले होतेस. छान दिसत होतीस, ठकू. फार छान दिसत होतीस.”